पावेलचं गाव, व्हाया कॉर्क

एका टीममध्ये चार वर्षं काढली की किस्से साठतातच. त्यात लॉकडाऊन, मग तर विचारूच नका. आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्कच्या टीमचे निम्मे किस्से मात्र चेक देशातल्या एका खेड्यातले आहेत. पावेल सोडला तर आमच्यापैकी कुणीही तिथं गेलेलं नाही. पावेलचं ते गाव.

*

२०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागलो आणि शुक्रवारी चहाचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. पावेल मॅप उघडून गाव दाखवायचा. माझी आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली, विमानं बंद झाल्यानं अडकलेली. ती मागून डोकवायची.

"गाव किती उंबऱ्याचं, इचार त्याला."

मी विचारलं. "नव्वद," पावेल म्हणाला.

"मग वाडी म्हन की."

*

पुढच्या शुक्रवारी त्यानं गावचा डोंगर दाखवला. आईनं चष्मा पुसून नीट पाहिला. "ह्याला आमच्याकडं बांध म्हनत्यात."

मी भाषांतर करायला नको होतं. पावेल दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

*

तिथं सात नंबरच्या घराशेजारी त्र्याऐंशी नंबर आणि त्यापलीकडे बारा. ज्या क्रमानं घरं बांधली, त्या क्रमानं नंबर!

"मग पोस्टमनला घर सापडतं कसं?"

"त्याला गावचा इतिहास यावा लागतो."

सात नंबर पावेलचं. त्याची आई गेल्यापासून तिथं वडील एकटेच राहतात.

*

तिकडे प्रत्येक गावाला कायद्यानंच एक वही ठेवावी लागते. जन्म, मृत्यू, पूर, तळ्यातले मासे, गाव सोडून गेलेली माणसं, सगळं त्यात. ती वही पावेलचे वडील लिहितात. पुढं ती मुलानं लिहावी, ही त्यांची इच्छा होती आणि मुलगा आला आयर्लंडला. भांडण झालं. तेव्हापासून फोनवर फक्त हवामान, नाहीतर ऑफिसातला एखादा किस्सा.

तो इकडे आला, त्या वर्षीच्या पानावर गाव सोडून गेलेल्यांत न्हाव्याचं नाव आहे, करकोच्यांच्या जोडीचीही नोंद आहे. पावेल नाही.

"बाबांनी मला वगळलंय," तो एकदाच म्हणाला आणि त्यानं कॅमेरा बंद केला. मला फार वाईट वाटलं.

आई म्हणाली, "पोराला जेवाय बोलव." पण पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, आणि त्याचं घर निघालं सहावर. शेवटी पुरणपोळ्यांचा डबा मधल्या बसस्टॉपच्या बाकावर ठेवला. त्यानं लांबूनच आम्हाला हात केला आणि डबा उचलला.

*

लस घेऊन पावेल २०२१ च्या उन्हाळ्यात गावी गेला. तिथं सरपंचबाईंनी त्याला रस्त्यातच गाठलं.

"वडिलांचं वय झालं रे. वहीतली लोकसंख्या दरवर्षी आमच्या दप्तरापेक्षा एकानं जास्त भरते. आता तू तरी लक्ष घाल."

घरी जाऊन त्यानं भीतभीतच विषय काढला. वडिलांनी वही पुढ्यात सरकवली. "मोज."

ताज्या पानावर वरच लिहिलं होतं, 'भारतातल्या एका बाईंच्या मते आपला डोंगर हा डोंगर नाही. गावाला हे मान्य नाही.'

त्याखाली घरांची यादी होती. तो बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला. एक नंबर, चार माणसं. दोन नंबर, एक. तीन नंबर, पाच. चार, कुलूप. पाच, तीन. सहा, दोन म्हातारी.

सात नंबर, दोन.