समोरच्या चाकाची मोटार

आमच्या घरमालक काकांइतक्या सावकाश खरेदी करणारा माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात झाला नसेल. फुलचूरला त्यांच्या घरी मी सात वर्षं भाड्यानं राहिले. तेवढ्या काळात काकांनी जेमतेम तीन वस्तू विकत घेतल्या असतील. छत्री घेताना त्यांनी दुकानदारालाच तिच्याखाली उभं केलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. मला खोली देतानाही नोकरी, गाव काही विचारलं नाही. "मॅडम, तुमी दार लावता का आपटता?" एवढंच विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून विचाराला दोन दिवस मागून घेतले.

पाटबंधारे खात्यात तलावांची पाणीपातळी मोजण्यात त्यांच्या नोकरीची सारी वर्षं गेली. तेव्हाची काळी, उंच सायकल अजून त्यांच्याकडे होती. दर रविवारी ते तिच्यावरून तिरोड्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात थोरल्या बहिणीकडे जात. तिला ते 'बाई' म्हणत. बाई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी, विधवा, आणि जिभेची तिखट. लहानपणी कोणाच्या वाट्याचा गूळ कोणी खाल्ला यावर दोघं दिवसभर भांडायची, आणि संध्याकाळी काका हँडलला वांग्यांची पिशवी अडकवून अगदी प्रसन्न चेहऱ्यानं परत यायचे.

मग त्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी लांब सायकल चालवायला मनाई केली. नागपूरचा मुलगा म्हणाला, स्कूटर घेऊन देतो. काका म्हणाले, "पायडल नाई मारलं तर कुठं गेल्यासारखंच नाई वाटत." तेवढ्यात त्यांना कोणीतरी सांगितलं की सायकलच्या चाकातच बसणारी विजेची मोटार मिळते. त्या संध्याकाळी ते वही घेऊन माझ्या दारात आले, कारण कंप्युटर माझ्याकडे होता. "मॅडम, पाहा बरं, समोरच्या चाकाची कोणती चांगली."

पुढचे पाच महिने माझ्या संध्याकाळी त्या चाकात गेल्या. वही भरली, दुसरी आली. बाजारातल्या सायकलवाल्याकडे आमच्या सात-आठ फेऱ्या झाल्या. तो समजावून थकला, "काका, पीछेवाली ले लो. आगेवाली मुरूम पे फिसलती है. सब पीछेवाली ही लेते हैं."

"सब घेऊन रायले म्हनून मी कायले घेऊ?"

मोटारीच्या वजनानं हँडल जड होईल का, हे पाहायला त्यांनी तेवढ्याच वजनाचं धान दोन पिशव्यांत भरून समोरच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बांधलं आणि दुखरा गुडघा सांभाळत आठ दिवस गल्लीत चकरा मारल्या. शेजारीण विचारायची, "धान कुठं नेऊन रायले?" काका गंभीरपणे सांगायचे, "धान नाई, मोटार होय." दुकानात दोन मोटारी होत्या, एक मोठी आणि एक लहान. दोन्ही हातानं फिरवून, नाडी पाहावी तसे डोळे मिटून ते उभे राहिले. मोठी लगेच थांबली, लहान बराच वेळ फिरत राहिली. "बॅटरी वाटंत सरली, तर हे मोठी मलेच ओढा लागंन," म्हणून लहान पसंत पडली. सायकलचा समोरचं चाक धरणारा चिमटा जुना, पोलादी होता. तरी मोटारीच्या जोरानं आस फिरून चाक निसटू नये म्हणून त्यांनी लोहाराकडून एक जाड पट्टी करून घेतली.

शेवटी सायकलवाल्यानं हात जोडले. "पर काका, पीछे लगाने में दिक्कत क्या है?"

काका पट्टी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मागं बाई बसनार हाये. तिचं वजन मागं, मोटारीचं समोर. तिले आता गावच्या तलावापर्यंत चालनं होत नाई."

त्यानं पाना उचलला आणि मोटार समोर बसवली.

पहिल्या रविवारी मी माझ्या स्कुटीवरून त्यांच्या मागोमाग गेले. बाई अंगणात खाटेवर बसली होती. तिनं चाक निरखून पाहिलं, मग भावाकडे. "पाच मयने लावले? येवढ्यात मी मेली असती तं?"

"बस मागं," काका म्हणाले.

कॅरियरला उशी बांधलेली होती. बाई एका बाजूनं बसली, भावाचा सदरा मुठीत धरला, आणि दोघं तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, निघाली. मुरूम आला की काका मोटार बंद करून सायकल हळूहळू पुढे नेत. "हळू चालव," बाई म्हणत होती. "हळूच चालवून रायलो," काका म्हणत होते. पाळीच्या टोकापर्यंत त्यांचं तेच चालू होतं. दोघांच्या वजनानं बॅटरी सरत आली होती, म्हणून परत आल्यावर ती बाईच्या घरी चार्जिंगला लावावी लागली. ती भरेपर्यंत चार तास गेले, आणि तेवढा वेळ गुळावरून भांडण झालं.

हे दोन वर्षं चाललं. मग माझी बदली झाली. पुढल्या हिवाळ्यात बाई गेल्याचं कळलं.

बऱ्याच महिन्यांनी मी फोन केला. काका अजून दर रविवारी जात होते. पाळीवरून एक चक्कर मारायचे, भाच्याकडे चहा घ्यायचे आणि यायचे. मी विचारलं, सायकल कशी आहे?

"बरी हाये. बॅटरी आता जाता-येता पुरते, मॅडम. तिथं चार्जिंगले लावा नाई लागत."