हातचं गेलेलं काम

विकायला काढलेली घरं गिऱ्हाइकांना दाखवण्याआधी मी आणि सुनंदाताई सजवून देतो. नाशिकच्या एका फ्लॅटसाठी आम्ही आठवडाभर खपून आराखडा केला. काम मिळालं दलालाच्या मेहुणीला. ते तिलाच द्यायचं आधीपासून ठरलं होतं. आमच्याकडून दर मागवले ते नुसते दाखवायला. असं तिसऱ्यांदा झालं होतं.

नमुन्याचे पडदे परत आणायला गेलो, तेव्हा ती मेहुणी दिवाणखान्यात गोंधळून उभी होती. घरातल्या जुन्या सोफ्याचं तोंड अजून भिंतीकडेच होतं आणि खोली कोंदट दिसत होती. मी पडदे उचलून निघाले. सुनंदाताई मात्र तिला म्हणाल्या, "एक बाजू धरता का?" दोघींनी मिळून सोफा खिडकीकडे वळवला.

मी हळूच म्हटलं, "ताई, हे आता आपलं काम नाही."

"माहीत आहे. राग आहेच मला," त्या म्हणाल्या, "पण घराचा काय दोष?"

माझ्यावर अन्याय झाला की माझे हात आखडतात. त्यांचे तेव्हाही मोकळेच राहतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दारात उभे राहून हे बघणारे घरमालक काका आत येऊन सोफ्यावर बसले. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे बराच वेळ पाहत राहिले.

"वीस वर्षं भिंतीकडे बघत बसलो की हो मी," ते म्हणाले.