सिस्टरच्या टेबलावरचा चष्मा

मतमोजणीच्या दिवशी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी मी आमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवरून सगळे निकाल घालवले. कायमचे पुसले नाहीत, तेवढा मी हुशार नाही. पण पहिल्या पानावर कोण पुढे आणि कोण मागे हे दाखवणारा जो भलामोठा फलक होता, त्याच्या जागी माझा 'माझा चष्मा कुठे आहे?' हा लेख जाऊन बसला. निकाल बघायला आलेले लाखो लोक माझ्या चष्म्यापाशी अडकले.

माझा हेतू वाईट नव्हता हो. लेख पार तळाशी, गाद्यांच्या जाहिरातीखाली पडला होता. बावीस वर्षं दर आठवड्याला सदर लिहिणाऱ्या माणसाला निदान गादीच्या वर जागा मिळावी, एवढंच मला वाटलं. वेबसाइट विभागाने मात्र पानाला हात लावायची माझी परवानगी दोन वर्षांपूर्वीच काढून घेतली होती. तेव्हा 'इथे काहीतरी विनोदी घालणे' ही स्वतःसाठी लिहिलेली सूचना लेखात तशीच ठेवून मी तो प्रसिद्ध केला होता. लेखातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच, असं तिघा वाचकांनी कळवलं, पण विभागाला ते पटलं नाही.

त्या दुपारी सिस्टरची खुर्ची रिकामी होती आणि स्क्रीन उघडा. मी टेकलो. लेख उचलून एक घर वर ठेवायला गेलो, तो हातातून सुटला तो थेट पानाच्या डोक्यावर, फलकाच्या जागी. 'प्रसिद्ध करायचं का?' असा प्रश्न आला. घाबरलेला माणूस कुठल्याही प्रश्नाला हो म्हणतो, तसा मीही म्हणालो. समोर दिसलं ते खोटं असेल म्हणून चष्मा काढून पुसायला घेतला, तेवढ्यात पलीकडून कोणीतरी किंचाळलं, "अरे, फलक गेला!" मी उठलो तो पाण्याच्या मशीनपाशी जाऊनच थांबलो.

सिस्टर म्हणजे आमच्या वेबसाइट विभागातल्या शिकाऊ उमेदवार. वय त्रेचाळीस. त्याआधी एकोणीस वर्षं रुग्णालयात वॉर्डात नर्स. पेशंट उचलून उचलून पाठ गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाही. वॉर्डातल्या ड्यूटीच्या याद्या कागदावर खाडाखोड करून लिहिल्या जायच्या. त्याचा कंटाळा येऊन बाईंनी स्वतःच शिकून त्यासाठी एक वेब पान बनवलं होतं. त्या एका पानाच्या जोरावर त्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा टाकली आणि आमच्याकडे शिकायला आल्या. शिकवणारा मुलगा पंचवीस वर्षांचा. त्याला त्या 'सर' म्हणतात.

"अहो सिस्टर, सर नका म्हणू. माझी आई तुमच्या वयाची आहे."

"मग आईला सांगा सर, मुलगा छान शिकवतो."

वॉर्ड सुटला तरी वॉर्डाच्या सवयी सुटल्या नाहीत. खांद्याखाली उलटं टाचलेलं घड्याळ असतं, खिशात छोटी वही. एखादं पान बिघडलं की दुसरे शिव्या देतात, सिस्टर आधी वेळ लिहितात. "पेशंट तीन वाजता बरा होता ना? मग तीन ते साडेतीनमध्ये त्याला काय दिलं?" असं विचारतात, आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. दिवसातून दोनदा त्या सामानाच्या खोलीत जाऊन तीन मिनिटं जमिनीवर सपाट पडतात. याला त्या 'पाठ टेकून येते' म्हणतात.

त्या दिवशी त्या पाठ टेकायलाच गेल्या होत्या. आणि त्यांचं वर्ष संपायला उरले होते दोन दिवस. गुरुवारी त्यांना कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. शुक्रवारपर्यंत रुग्णालयाला उत्तर द्यायचं होतं, परत येते किंवा राजीनामा देते. इथे नकार मिळाला तर पुन्हा वॉर्ड, पुन्हा पेशंट उचलणं, आणि नवरा ज्या पाठीला घरातली बादलीसुद्धा उचलू देत नाही तीच पाठ. हे सगळं मला ठाऊक होतं. पाण्याचा तिसरा पेला पिताना तर फारच ठाऊक होतं.

सिस्टर परत आल्या तेव्हा हॉलमध्ये गोंधळ उडाला होता. सगळे फोन एकदम वाजत होते.

"सिस्टर, हे तुमच्या खात्यावरून गेलंय!"

"मी इथे नव्हते."

"खातं तुमचंच आहे ना पण!"

त्या खुर्चीत बसल्या. कीबोर्डवर पडलेला चष्मा त्यांनी उचलला, बाजूला ठेवला आणि मान वळवून एकदाच पाण्याच्या मशीनकडे बघितलं. मी पाचवा पेला भरायला घेतला.

मग त्यांनी वही उघडली. त्याही क्षणी बाई आधी वेळ लिहीत होत्या!

"मागची प्रत परत लावते," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सरांचा होकार लागतो. सर कुठे आहेत?"

मतमोजणीच्या दिवशी सरांच्या होकाराशिवाय पहिल्या पानाला हात लावायचा नाही, असा शिकाऊ उमेदवारांना नियम होता. सर लिफ्टमध्ये होते आणि लिफ्टमध्ये फोन लागत नाही. कोणीतरी वाचकांच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत होतं. "'चष्मा नाकावर असेल, निकाल कुठे आहेत ते सांगा!' हा आणखी एक, 'लेखकाला आधी चष्मा द्या, मग राजीनामा घ्या!'"

"होकार कोण देतंय?" सिस्टरनी पुन्हा विचारलं. एरवी त्या हॉलमध्ये पंख्याच्या वेगावरही पंधरा जणांचं मत असतं. आता एकाचंही तोंड उघडेना.

तीन एकवीसला त्यांनी बटण दाबलं. फलक परत आला. माझा लेख पुन्हा गादीखाली गेला. बावीस वर्षांत माझे एवढे वाचक कधी झाले नव्हते, आणि एवढ्या शिव्याही.

मी चष्म्याशिवाय घरी गेलो. जिन्यात दोनदा ठेचकाळलो.

"अहो, चष्मा कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"तो माझ्या लेखाचा मथळा आहे."

"मथळा नाही विचारला मी. चष्मा विचारला."

बावीस वर्षं सदर लिहितोय, पण तिच्यापासून काही लपवायला मला अजून एकदाही जमलेलं नाही. सगळं सांगितलं. उद्या दहाला बैठक आहे, हेही सांगितलं. असं काही घडलं की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी बैठक होते आणि मिनिटामिनिटाचा तक्ता वाचला जातो. तो तक्ता सिस्टरच लिहिणार होत्या.

"मग सांगून टाका ना तिथे."

"त्या बैठकीत कोणाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"दुसऱ्याचं घ्यायचं नसेल. स्वतःचं घ्यायला कोणी अडवलंय?"

"माझी ही दुसरी वेळ आहे अगं. सदर बंद करतील."

"तिची पाठ मोडेल. तुमचं काय मोडणार आहे?" असं म्हणून तिने स्वतःचा जांभळ्या काड्यांचा चष्मा माझ्यापुढे ठेवला. "हा लावून जा. निदान जाताना पडू तरी नका."

गुरुवारी दहा वाजता लांब टेबलाभोवती आम्ही सात-आठ जण बसलो. टेबलाच्या टोकाला विभागाच्या प्रमुख, मॅडम. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून सगळे त्यांना जास्त घाबरतात. सिस्टर माझ्यासमोरच होत्या. त्यांच्यापुढे वही आणि वहीशेजारी घडी घातलेला माझा चष्मा. त्याच्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "तीन नऊ. मी जागा सोडली, स्क्रीन बंद केला नाही. औषधांचं कपाट उघडं टाकून जाण्यासारखं आहे. चूक माझी. तीन बारा. माझ्या खात्यावरून फलक हलला. तीन सोळा. होकार मागितला, उत्तर नाही. तीन अठरा. पुन्हा मागितला, उत्तर नाही. तीन एकवीस. होकाराशिवाय मागची प्रत लावली."

"तीन बाराला तुमच्या खुर्चीत कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

"मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते तक्त्यात लिहीत नाही."

"सिस्टर, असं कसं," सर अगतिक होऊन म्हणाले, "कोणीतरी बसलंच असणार ना! नाहीतर ते तुमच्याच..."

"आज दुपारी मला तुमच्या नेमणुकीवर सही करायची आहे," मॅडम म्हणाल्या. "एवढी जागा कोरी ठेवून मी ती करू शकत नाही."

सिस्टरनी एक हात कमरेवर दाबला आणि मान वाकवून त्या उलट्या घड्याळात बघितलं. मिनिटभराने पुन्हा बघितलं. मला वाटलं, जुनी सवय. या वेळी पाण्याचं मशीन बाहेर होतं. कागदावरची अक्षरं बायकोच्या चष्म्यातून मुंग्यांसारखी वळवळत होती.

"लेख तुमचा होता म्हणून तुम्हाला बोलावलं," मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही, म्हणजे, विशेष असं..."

"आणि हा कोणाचा चष्मा लावलाय?"

"बायकोचा."

"मग तुमचा कुठे आहे?"

सर फसकन हसले. आणखी दोघे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, पेशंट गोळी गिळतोय की जिभेखाली लपवतोय हे बघावं तशा.

भिंतीवरच्या घड्याळात दहा अठ्ठावीस झाले होते.

"तो काय," मी बोट दाखवलं. "सिस्टरच्या पुढे. काल तीन बाराला मी तो त्यांच्या कीबोर्डवर विसरलो. खुर्चीत मी होतो. माझा लेख गादीच्या वर घेत होतो."

गादीचा भाग कोणालाच कळला नाही. बाकीचं मात्र सगळ्यांना नीट कळलं.

मॅडमनी आवाज चढवला नाही. माझं सदर सहा महिने बंद, हे त्यांनी पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. सगळ्यांचे स्क्रीन यापुढे मिनिटभराने आपोआप बंद होतील, हे सरांना सांगितलं. मग सिस्टरना म्हणाल्या, "होकाराशिवाय बटण दाबलंत, तेही नोंदवायला हवं."

"नोंदवलंय. शेवटची ओळ."

मॅडमनी वही पुढे ओढून ती ओळ स्वतः वाचली. चार वाजता नेमणुकीवर सही झाली. सव्वाचारला सिस्टरनी रुग्णालयाला राजीनामा पाठवला आणि पाठ टेकायला गेल्या. या वेळी स्क्रीन बंद करून.

त्या परत आल्या तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी उभा होतो. त्यांनी ड्रॉवरमधून चष्मा काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. मला फार भरून आलं होतं. म्हटलं, "सिस्टर, हा चष्मा बघताक्षणी तुम्हाला सगळं कळलं होतं. नोकरी जायची वेळ आली तरी तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. एवढं मोठं मन आणलंत कुठून?"

"साडेदहापर्यंत थांबणार होते, मग घेतलंच असतं."