खारटोकचं तिकीट

घरतमामांनी थांब्याचं नाव कधी घेतलंच नाही. कर्नाळ्याच्या बाजूनं पनवेलला येणाऱ्या आमच्या बसचे ते कंडक्टर. बाकीचे कंडक्टर थांब्यांची नावं पुकारायचे, मामा माणसांना पुकारायचे. "चला, कोर्टवाले उतरा, तारीख चुकंल." "दवाखानावाले, सावकाश, गाडी उभी हाय." "कालेजच्या पोरी, पुडं सरका, मागं म्हाताऱ्या हायत." नवखा माणूस हमखास गोंधळायचा. एकदा टाय लावलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "कंडक्टर, हा कोणता स्टॉप?" मामांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमचा नाय. बसा."

पुढे सरकणाऱ्या त्या कॉलेजच्या पोरींमधली एक मी. पुढे नोकरीलाही लागले ती त्याच बससेवेच्या कचेरीत, वेळापत्रकाच्या विभागात. त्यामुळे मामांना मी आधी पास विसरला की घाबरणारी प्रवासी म्हणून ओळखत होते आणि नंतर सहकारी म्हणून. त्यांच्या लेखी दोन्हींत फरक नव्हता. कचेरीत भेटले तरी "बाय, पुडं सरका" म्हणूनच दारातून आत यायचे. पूर्ण नाव बाळाराम घरत, घर शिरढोणला. बुटका, रुंद बांधा, मिशीचा अभिमान आणि तोंडाला कुलूप नाही. ड्रायव्हरशी त्यांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज एकाच डब्यातून जेवण व्हायचं. कोणी म्हणालं, मामा, जरा कमी बोला, तर म्हणायचे, "गाडी डिझेलवर नाय चालत, बोलन्यावर चालते. इचारा ड्रायव्हरला." ड्रायव्हर बिचारा काय बोलणार.

वाटेत खारटोक नावाचं गाव लागायचं. हायवे सोडून खाडीच्या अंगाला आत वळायचं, गावातून माणसं घ्यायची आणि पुढे हायवेवर नव्या रहिवासी टॉवरच्या गेटपाशी पुन्हा बाहेर पडायचं, असा बसचा वळसा होता. मिठागरं गेली, जमिनी बऱ्याचशा गेल्या, पण काही बायका परसातली भाजी आणि खाडीतली मासळी पाटीत घालून पनवेलच्या बाजारात आणायच्या. त्यांच्यात एक सुंदराकाकी. काकींची मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा दवाखान्यात डायलिसिसच्या पाळीला, रक्त धुऊन घ्यायला, जावं लागायचं. मुलगा कंटेनरवर ड्रायव्हर, आठवडे आठवडे बाहेर. सून रेखा घरी लहान मुलांना घेऊन अडकलेली. त्यामुळे काकी एकट्याच सकाळच्या बसनं जायच्या. पायांना सूज इतकी की चप्पल चढायची नाही. ती पिशवीत घालून त्या अनवाणी बसमध्ये चढायच्या आणि मामा दांडीपासच्या सीटवरून कोणालाही उठवायचे. "ऊठ रे, सरपंच आल्या," म्हणायचे. काकी हसायच्या, त्यांना ते फार आवडायचं.

मग आमच्याकडे नवी सिस्टीम आली. प्रत्येक बस कुठे आहे ते तिला कळे. तिकिटाच्या मशीनवर बोट दाबलं की कोण कुठून कुठे चाललंय ते तिच्याकडे जमा होई, आणि त्यावरून कोणत्या मार्गावर कधी किती गाड्या सोडाव्यात हे ती ठरवी. पत्रकात तिला 'बुद्धिमान' म्हटलं होतं. मामांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव शानीबाय ठेवलं. मला ती आवडायची, हे सांगून टाकते. स्टेशनवर तासभर एकही गाडी नाही आणि मग एकामागे एक तीन, हा प्रकार तिनं बंद केला. विचुंब्याच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना पहिल्यांदा वेळेवर बस मिळाली. पूर्वी ज्या पुढाऱ्याचा फोन मोठा त्याच्या दारात गाडी वळायची. शानीबाय कोणाचा फोन घेत नव्हती.

तिनंच खारटोकचा वळसा काढून टाकला. गावात कोणी चढत नाही, टॉवरच्या गेटवर मात्र गर्दी आहे, तेव्हा गाडी हायवेनं सरळ न्या, असं तिचं म्हणणं पडलं. तसं झालंही. गावातल्या धडधाकट बायका डोक्यावर पाटी घेऊन खाचरांच्या बांधावरून गेटपर्यंत चालत येऊ लागल्या. गेटवरची गर्दी तेवढीच राहिली, त्यामुळे सिस्टीमच्या दृष्टीनं निर्णय उत्तम ठरला. ज्यांना चालता येत नव्हतं त्या तिला दिसायचं काही कारणच नव्हतं.

एका दुपारी मामा गणवेशातच माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरलेला. "बाय, तुमच्या शानीबायला सांगा, खारटोक विसरली. काकीच्या दवाखान्याच्या दोन पाळ्या चुकल्या. शेजारचा कोन तरी फटफटीवर नेतो तं जाते, नाय तं पडून राहते. पाय बघवत नाय तिचा."

मी जरा वैतागूनच म्हणाले, "मामा, ती विसरत नाही. तिथे कोणी चढतच नाही, हे बघा." आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. प्रत्येक थांब्यावर एक वर्तुळ होतं. जितके प्रवासी जास्त, तितकं वर्तुळ मोठं. खारटोकवर नुसता ठिपका. टॉवरच्या गेटवर भाकरीएवढं वर्तुळ.

"यो मोठा कोनाचा?"

"टॉवरच्या गेटचं."

"काय सांगता. तिथं सगल्यांच्या गाड्या हायत. तिथं कुत्रा चढत नाय."

एवढं बोलून ते थांबले. स्क्रीनकडे बघत राहिले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तो त्यांनी हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"बाय," ते हळूच म्हणाले, "यो माजा परताप हाय."

मग त्यांनी सांगितलं. खारटोक आणि गेट यांच्यामध्ये भाड्याचा टप्पा बदलायचा. खारटोकवरून तिकीट दिलं की एक टप्पा जास्त. "डोक्यावर पाटी, पाय चिखलात. त्यांच्याकडनं जास्ती कशाला घेऊ? मी मशीनवर गेट दाबत व्हतो. येताना बी आनि जाताना बी. मशीन नवता तवापासून. बायकांना वाटतं तोच भाव." त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "गाव हाय ना बाय. सगला गाव हाय तिथं, त्या गेटाच्या गोलात. मी रोज चढवत व्हतो त्यांना. आनि मीच पुसून टाकला."

मला राग आला. तो मामांवर काढावा, सिस्टीमवर की मशीन बनवणाऱ्यांवर, तेच कळेना. जागच्या जागी दुरुस्ती करता येते का म्हणून मी बटणं दाबून पाहिली. मागची तिकिटं बदलता येत नव्हती, आणि ते योग्यच होतं. नाहीतर जो तो आपल्या गावाची तिकिटं वाढवून घेत बसला असता.

मी म्हणाले, "मामा, थोडं थांबा, मी दुसरा काही मार्ग बघते." पण ते थांबणाऱ्यांतले नव्हते. तसेच उठून वाहतूक अधिकारी देसाईसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग धावले. सगळं ऐकून साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता.

"घरत, हे तुम्ही माझ्यासमोर बोलला नसता तर बरं झालं असतं. आता मला ऐकावं लागेल."

"नाय बोललो तं गाडी कशी येल साहेब?"

"बोललात म्हणून चौकशी लागेल. कमी भाड्याची तिकिटं दिलीत, हा गुन्हा आहे. आणि चौकशी संपेपर्यंत त्या मार्गाला मला हात लावता येणार नाही. वरचे म्हणतील, निकाल आधीच लावून मोकळे झालात."

मी म्हणाले, चौकशी चौकशीच्या ठिकाणी, निदान सकाळची एक फेरी गावातून जाऊ द्या. साहेबांनी माझ्यादेखत सिस्टीम पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आमचा हिशेब तिकिटांवर चालतो, तुमची तिकिटंच खोटी असतील तर खरी कोणती हे आधी तुम्ही लेखी कळवा. ते चौकशीशिवाय लेखी कळवता येत नव्हतं. त्या केबिनमध्ये चूक कोणाला मान्य नव्हती असं नाही. सगळ्यांना मान्य होती, आणि तरी बस खारटोकला जात नव्हती. मला आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

मामांना निलंबित केलं. काकींच्या पुढच्याच पाळीपासून ते स्वतःच्या जुन्या स्कूटरवरून काकींना दवाखान्यात नेऊ लागले. पडू नयेत म्हणून त्यांना पंच्यानं स्वतःच्या कमरेशी बांधून घ्यायचे. हायवेवर डावीउजवीकडून ट्रेलर जाणार, उड्डाणपुलाच्या कामाची धूळ उडणार आणि मधून हे दोघं. मी एकदा पाहिलं आणि त्यांना थांबवून ओरडलेच, "मामा, दोघंही मराल." काकी मागून म्हणाल्या, "असू दे गो. बालाराम हलू चालवतो." मामांनी पंच्याची गाठ तपासली आणि स्कूटर पुढे काढली. त्यांचं बोलणंच आटत चाललं होतं. दवाखान्याच्या बाकावर काकींची पाळी संपेपर्यंत बसून राहायचे. तिथे मी विचारलं, जेवलात का, तर म्हणाले, "गाडी कवा येल ते सांगा." मी साहेबांच्या मागे लागायची, साहेब चौकशी अधिकाऱ्याच्या मागे लागायचे.

शेवटी सुनावणीची तारीख लागली ती नेमकी काकींच्या पाळीच्या सकाळी. मामांनी तारीख बदलून मागितली. उत्तर आलं, हजर राहिला नाहीत तर प्रकरण पुढच्या बैठकीपर्यंत लांबेल. म्हणजे बसही लांबणार. मामा आदल्या संध्याकाळी काकींकडे गेले. पुढचं मला रेखानं सांगितलं. काकींना आधीच्या पाळीला थंडी भरून ताप चढला होता, अर्ध्यातच उठवलं होतं. मामा म्हणाले, "मी नाय जात, तुला नेतो." काकी त्यांच्यावर खेकसल्या. "माझ्या एकटीचा काय घेऊन बसलास? जा आनि गावची गाडी आन." रेखा सकाळी रिक्षा बघते म्हणाली. रिक्षावाला एका माणसासाठी आत गावात यायला तयार होईना. शेजाऱ्याची मोटारसायकल कोणीतरी लग्नाला नेलेली. काकी म्हणाल्या, राहू दे, परवाची पाळी हाय ना.

सुनावणीत मामांनी सगळं कबूल केलं. बचाव म्हणून एक वाक्य बोलले नाहीत. मला जे व्हायचं ते होऊ द्या, पण आज लिहा, आजच लिहा, एवढंच हात जोडून सांगत राहिले. चौकशी अधिकाऱ्यालाही लाजल्यासारखं झालं असावं. त्यानं अहवाल लगेच दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुंदराकाकींना श्वास लागला. मामा स्कूटर घेऊन पोचले तोवर सगळं संपलं होतं.

त्यानंतर आठवड्याच्या आत बस खारटोकला वळली. मशीनवर गावचं तिकीट नीट दिलं जाऊ लागलं आणि बघता बघता स्क्रीनवरचा तो ठिपका फुगला. सिस्टीमनं आपण होऊन सकाळची आणखी एक फेरी वाढवली. तिला त्यात काही वाटायचा प्रश्नच नव्हता. मामांना नोकरीवरून काढलं. निवृत्ती जवळ आलेली होती, तिचे पैसेही हातचे गेले.

मग खारटोकच्या बायका कचेरीत आल्या. पाट्यांसकट. नवा कंडक्टर टप्प्याचे पैसे जास्त घेतो, आमाला घरतमामा परत द्या, असं त्यांचं म्हणणं. माझा तोल गेला. मी त्यांना सरळ सांगितलं, मामा कमी तिकीट देत होते म्हणूनच तुमचं गाव कॉम्प्युटरला दिसेनासं झालं, त्यामुळेच बस गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक म्हणाली, "मंग काय झाला? गरिबाला सूट दिली ती बी चूक?" रेखा मागे उभी होती, ती पुढे आली. "ताई, तुमची मशीन काय बी बोलू दे. मामा व्हते म्हनून माजी सासू एवडी जगली."

मला वाटलं, हे मामांना सांगायलाच हवं. गेले कित्येक दिवस ते घराबाहेर पडत नव्हते. जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, असं त्यांच्या बायकोनं कळवलं होतं. मी शिरढोणला गेले. मामा परसात मेथीच्या वाफ्यापाशी बसले होते. मिशी वाढलेली, अंगात मळकी बंडी. गवत उपटायला बसले असावेत, पण हात तसेच मांडीवर पडले होते. मी शेजारी बसले आणि बायका आल्याचं सांगितलं, त्या काय म्हणाल्या ते सांगितलं. रेखाचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं त्यांना जरा तरी बरं वाटेल अशी माझी खात्री होती.

"कोन बोलली?" त्यांनी विचारलं.

"रेखा. काकींची सून."

त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. त्यांची बायको दारात आली आणि तशीच आत गेली. बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, तिला सांगा, मला शिव्या दे. एकदा तरी दे."