धाकूचा डावा पाय

मालनने धाकूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं तोंड तिला दिसलंच नव्हतं. मनोरीच्या किनाऱ्यावर सात-आठ जण होडी वर ओढत होते आणि सगळ्यांच्या मागे एक जण घोट्यांपर्यंत चिखलात रुतून पाठीने ती रेटत होता. दिसत होते ते त्याचे पाय. लग्न झाल्यावर ती त्याला चिडवायची, की मी पाय बघून होकार दिला, तोंड आधी दिसलं असतं तर विचार केला असता.

शहाऐंशीचा पावसाळा सरला आणि धाकू चालता चालता थांबायला लागला. घरापासून धक्क्यापर्यंत दोनदा. डाव्या पोटरीत पेटका यायचा, उभं राहिलं की सुटायचा. कोणी विचारलं तर तो म्हणे, दर्या बघतोय. मग अंगठा निळा पडला. मालाडच्या डॉक्टरांनी त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात धाडलं. मांडीतली रक्ताची नळी विड्यांनी बुजत आली होती. पाय कापतील या धास्तीने मालन दोन दिवस जेवली नाही. पण तिथल्या डॉक्टरांनी जांघेत एक बारीक भोक पाडून लांब नळी आत सरकवली, तिच्या टोकाचा इवलासा फुगा बुजल्या जागी फुगवला, वाट मोकळी केली आणि फुगा बाहेर काढला. धाकू सगळा वेळ जागा होता. संध्याकाळी मालनने त्याच्या पावलाला हात लावला तर ते ऊन होतं. तेव्हा कुठे ती खाटेच्या पायथ्याशी बसून रडली.

घरी सोडताना डॉक्टरांनी विडी कायमची बंद केली, गोळ्या लिहून दिल्या आणि मालनवर एक काम सोपवलं. रोज दोन्ही पावलांवर पालथा हात ठेवून बघायचं.

"डावं पाऊल गार लागलं तर त्याच दिवशी घेऊन या, मावशी. नळी पुन्हा बुजू शकते. वेळेत आलात तर पुन्हा उघडता येईल."

धाकूने विडी खरंच सोडली. धक्क्यावर तो सांगत सुटला, "माजे मांडीन फुगा हाय. हसवू नको, फुटंल." होळीपर्यंत तो पुन्हा होडीवर जायला लागला.

त्यांच्या पाखाडीत, कोळ्यांच्या त्या वस्तीत, दर्यावरून आलेल्या माणसाचे पाय दुपारी तापल्या वाळूत पुरायची रीत होती. धाकूच्या आईने नवऱ्याचे पुरले, मुलांचे पुरले. बोंबील वाळत घालायच्या काठ्यांपलीकडे वाळू चांगली तापते. मालन तिथे खड्डा करी, धाकूचे पाय घोट्यापर्यंत झाकी आणि शेजारी बसून मासळी निवडी. घटकाभराने पाय काढून पदराने पुसले की ती दोन्ही पावलांवर पालथा हात ठेवायची. दिवसभरात त्याचे पाय तिच्या हाताशी येत ते तेवढ्याच वेळी. पाऊल रोज ऊन असायचं. डावं आणि उजवं, सारखंच.

चैत्रात तो पुन्हा वाटेत थांबू लागला. तिने विचारलं तर म्हणाला, उन्हाने दम लागतो. तिला शंका आली, पण दुपारी हात ठेवला आणि ती निवली.

मग एके दिवशी वाळूतून पाय काढला तर डाव्या टाचेवर मोठा फोड. धाकूला काहीच कळलं नव्हतं. फोड फुटला, चिघळला, चार दिवसांत काळा पडला. तेव्हा ती दोघं खाडीच्या तरीत बसून मार्व्याला उतरली आणि इस्पितळात गेली.

डॉक्टरांनी विचारलं, पाऊल गार कधीपासून आहे? मालन म्हणाली, कधीच नव्हतं, मी एक दिवस चुकवला नाही. कधी बघता, असं त्यांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"वाळूतून काढलेलं पाऊल कुणाचंही ऊनच लागणार, मावशी," ते हळू म्हणाले.

तीन आठवडे आधी फुगा पुन्हा घालता आला असता. आता आतलं मांस मेलं होतं, विष वर चढत होतं. गुडघ्याखालून पाय काढला.

शुद्धीवर आल्यावर धाकूने विचारलं, डॉक्टर काय बोलला? ती म्हणाली, "नळी परत बुजली." ते खोटं नव्हतं. त्यापुढचं तिने त्याला कधी सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला धाकू सांगायचा, "हिची काय चूक? रोज हात लावून बगायची. येक दिस चुकवला नाय." असं तो बोलायला लागला की मालन आत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायची.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. धाकू आता ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवतो. रोज सकाळी, ऊन चढायच्या आधी, तो उजवा पाय पुढे करतो आणि मालन त्यावर पालथा हात ठेवते.