शेंडगेचा डावा बूट

पोस्टवर चढायच्या आदल्या संध्याकाळी नाईक शेंडगे आमचे पाय तपासत होता. शेंडगे कुर्डुवाडीचा, आमच्या कंपनीबरोबरचा नर्सिंग असिस्टंट. मी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचा, तेव्हा लान्स नाईक. एकाच सोलापूर जिल्ह्यातले दोघं, म्हणजे गळ्यात गळे असणार, असं पलटणीतल्या लोकांना वाटायचं. आमचं एक दिवसही पटलं नाही.

फूट इन्स्पेक्शन म्हणजे रांगेत अनवाणी बसून तळवे पुढं करायचे. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, कुरूप, नखं, सगळं बघितलं जायचं. माझ्यापाशी आला की शेंडगेचा आवाज चढायचा.

"दुधनी, नखं सरळ काप म्हणलं व्हतं. गोल कापलीस. आता कोपरा मांसात घुसंल."

"नखं माझी हायत."

"पाय सरकारचा हाय. उद्या पडलास तर मलाच वडत आणावं लागंल."

त्याचं चुकत नव्हतं. टाचेला फोड आला की कडेनं स्वच्छ सुई टोचून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची आणि पट्टी लावायची, हे त्यानं अख्ख्या कंपनीला शिकवलं होतं. मी कातडी ब्लेडनं सोलून काढली. दिसायला स्वच्छ दिसते म्हणून. त्यावर त्यानं आयोडीन असं काही चोळलं की मी कन्नडमधून त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो शांतपणे ऐकत होता.

पोस्टवर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळच्या गस्तीवर निघालो. समोरच्या डोंगरावर शत्रूची पोस्ट होती. मधला उतार उघडा, आडोशाला झुडूपसुद्धा नाही. धुकं आहे तोवर उतार ओलांडून परत यायचं, असा हुकूम होता.

परतताना उतार सुरू व्हायच्या आधीच पायाखालचा दगड सरकला आणि माझा डावा घोटा आत वळला.

"बूट काढू नको," मागून शेंडगे म्हणाला. "लेस आवळ. आलोच."

मी बूट काढला. का काढला? बघायला. आपलाच घोटा, काय झालंय ते बघू तरी! घोट्यानं मला नीट बघू दिलं. डोळ्यांदेखत तो पेरूएवढा झाला. सुजेला आवरून धरायला तिथं बुटाशिवाय काही नसतं. तोच काढल्यावर पाय परत आत जाईना.

रेडिओ खरखरला. "धुंध छट रही है. जल्दी निकलो. ओवर."

आमच्या हवालदारानं विचारलं, "चल पाएगा?"

"चलूँगा, सर," म्हणालो, आणि दुसऱ्या पावलाला बसलो.

शेंडगे माझ्यापुढं गुडघ्यावर बसला. त्यानं माझ्या घोट्याभोवती क्रेप बँडेज आठाच्या आकड्यात गुंडाळलं. मग स्वतःचा डावा बूट काढला. त्याचे पाय माझ्यापेक्षा दोन नंबरांनी मोठे. त्याच्या बुटात माझा सुजलेला पाय गच्च बसला. माझा बूट त्याला होणारच नव्हता. त्यानं आपल्या पायावर पाठपिशवीतली रिकामी सँडबॅग गुंडाळली आणि माझ्या लेसनं बांधली.

"परत देताना पॉलिश करून दे."

"देतो की."

अर्ध्या उतारावर धुकं फाटलं. वरून मशीनगनचे दोन बर्स्ट आले. दगडांच्या चिपा उडाल्या. मी थांबलो, तशी पाठीत बुक्की बसली आणि मागून कन्नड शिव्या सुरू झाल्या. माझ्याच, आयोडीनच्या दिवशीच्या, ओळीनं. त्याला कन्नड येतं हे मला तिथं कळलं. शत्रूला भिण्यापेक्षा मी त्याला जास्त भ्यालो आणि पळालो. सगळे पोचलो.

पोस्टवर मी एकाला घोटा तेलानं चोळायला बसवलं. शेंडगेनं बाटली लाथेनं उडवली. "ताज्या सुजंला चोळतोस? अजून फुगव!" पाय उशीवर उंच ठेवला, कापडात बर्फ गुंडाळून लावला आणि हलायची बंदी केली. मग कोपऱ्यात बसून स्वतःच्या तळव्यात रुतलेल्या चिपा चिमट्यानं काढू लागला.

बूट मी चिखलासकट परत केला. मुद्दाम. पाठीतली बुक्की अजून दुखत होती. त्यानं तो हुंगला आणि माझ्या दिशेनं थुंकला.

पुढच्या हिवाळ्यात एका जखमी जवानाला आणायला शेंडगे गोळीबारात खाली उतरला. जवान वाचला. शेंडगे नाही.

शवपेटीबरोबर कुर्डुवाडीला मला पाठवलं. सगळं आटोपल्यावर शेंडगेच्या वडिलांनी मी बरोबर आणलेली त्याची ट्रंक उघडली. ते रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले. जुने बूट बाहेर काढून त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले.

"ह्यो डावा असा फुगल्याला कसा?"

"माझा पाय होता त्यात, काका. सुजलेला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हंजे दुधनी तुमीच व्हय?"

"व्हय."

"फोनवर लई शिव्या घालायचा तुमाला. पॉलिश न करता दिला म्हणायचा."

ते आत गेले, पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन आले, माझ्यापुढं ठेवले.

"करा की आता."

मी ओट्यावर बसलो. डाव्यापासून सुरुवात केली. ते डोक्याशी उभे राहून बघत होते.

"टाच राहिली," ते म्हणाले.

आवाज अगदी त्याचाच. मी टाच परत घासायला घेतली.