नाल्यापलीकडचा ढोल

स्पीकरचा दुसरा कोन फाटला तेव्हा मारोतीभाऊ त्याच्या बॉक्सला पाठ टेकवून बसले होते. आधी फट्ट झालं, मग सैल पत्रा वाऱ्यावर वाजावा तशी फरफर. मी मिक्सरवरची आवाजाची पट्टी, फेडर, खाली ओढला. भाऊंनी बॉक्सकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"काऊन बंद केलं, बाई? आत्ता तर जवळ आला होता."

"काय जवळ आलं होतं?"

"ढोल."

वडशापासून थोडं आत एक गाव आहे. तिथे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरला होता, म्हणून आमच्या कंपनीचं नाटक ठेवलं होतं. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत मंडप, भर दुपार, आणि माझा साउंड चेक चाललेला. मी या कंपनीची साउंड इंजिनीअर. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, गोंडपिपरी तालुक्यातली, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.

मारोतीभाऊ आमचे ऑर्गनवाले. पन्नाशी ओलांडलेली. त्या सीझनला कंपनीने खर्जातले सूर काढणारा नवा बेस सिंथेसायझर घेतला आणि भाऊ त्याच्या प्रेमात पडले. नाटकात एक प्रवेश होता. शहरात गेलेला मुलगा वर्षांनी परत येतो, वेशीवर थांबतो आणि गावातला ढोल त्याच्या कानावर येतो. तो ढोल भाऊ सिंथवर वाजवायचे. रोज वाजवायचे आणि रोज म्हणायचे, "हा नोहे. उलसा अजून द्या ना, बाई." मी उलसा उलसा, थोडा थोडा, आवाज देत गेले. आधीच्या गावात पहिला कोन गेला, इथे दुसरा.

कोन म्हणजे स्पीकरमधला तो गोल पडदा, पुढेमागे हलून हवा ढकलणारा. त्याच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल असते. बाकी बॉक्स म्हणजे लाकूड.

मॅनेजर दिनकरभाऊ धावत आले. त्यांच्या मते मंडपाचे खांब हालले नाहीत तर तो बेसच नव्हे.

"इंजिनीअरबाई, डिग्री काय स्पीकर फाडाची घेतली का?"

"का फाटला, ते शोधते."

"शोधा. तिसरा फाटला का हा सिंथ पेटीत जाईल. पेनड्राइव्हवरचा ढोल वाजवू. लोकायले काय समजते?"

भाऊ उठले. सिंथवर रुमाल टाकला, आतलं लेकरू झोपलंय अशा हाताने.

मी वायरिंग तपासलं. ठीक. अ‍ॅम्प्लिफायर ठीक. मग मीटर समोर ठेवून भाऊंना तोच सूर वाजवायला सांगितला, बॉक्स बंद ठेवून. तिथे सापडलं. भाऊंनी सूर इतका खाली नेला होता की तो आमच्या बॉक्सच्या ताकदीच्या खालचा होता. बॉक्स एका मर्यादेपर्यंतच खालचा सूर काढतो. त्याच्या खाली आतली हवा कोनला आवरून धरत नाही. रहाटाच्या दोराला बादलीच नाही आणि तुम्ही जोर लावून ओढलं, तर तुम्ही मागे पडाल. कोनचं तेच होतं. तो वेड्यासारखा हलतो, ऐकू काहीच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून वाजवणारा म्हणतो, अजून द्या.

दुसरी गोष्ट. खरा ढोल ठोक्याचा असतो, वाजला आणि संपला. सिंथची की दाबून ठेवली की सूर थांबतच नाही. कॉइलला श्वास मिळत नाही, ती तापते.

उपाय पुस्तकातलेच. लो कट लावला, म्हणजे बॉक्सला न झेपणारे खालचे सूर मिक्सरवरच अडवले. लिमिटर लावला. तो दारावरच्या माणसासारखा, ठरल्यापेक्षा जास्त जोर आत सोडत नाही. स्पेअर कोन बसवला. माझं काम संपलं होतं.

मी वायर गुंडाळत होते. भाऊ शेजारी येऊन बसले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"हे कशाला, भाऊ?"

"मंधातच नॉब फिरवला का मशीन एकदम चिरकते ना, कानात सुई जाते. म्हणून." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "इथी किडे लय वरडून राह्यले, नाई?"

मी हातातली वायर थांबवली. माघातली दुपार. पानही हलत नव्हतं. एकही किडा ओरडत नव्हता.

"कधीपासून ऐकू येतात किडे?"

"दिवाळीपासून. सगळ्याच गावाईत हायेत."

मला एकदम बाबा आठवले. बाबांनी आयुष्य राईस मिलमध्ये काढलं, मशीनच्या पट्ट्याच्या खडखडाटात उभं राहून. माझा रिझल्ट लागला तेव्हा मी पळत घरी गेले आणि ओरडून सांगितलं, "बाबा, मी ग्रॅज्युएट झाले." बाबा हसून म्हणाले, "हो, हो, जेवतो ना." मी पुन्हा सांगितलं. ते पाट घेऊन बसले. कागद दाखवल्यावर कळलं त्यांना, खूप रडले. पण मला ते वाक्य त्यांच्या कानात जायला हवं होतं. अजून हवं आहे.

म्हणून मी भाऊंशी सरळ बोलले. "किडे बाहेर नाहीत, भाऊ. तुमच्या कानात आहेत. कापसाने काही अडत नाही. बॉक्सला पाठ लावून बसणं आजपासून बंद."

"मंग मले ढोल कसा समजंल? पाठीत आला तवाच समजते."

"कोणता ढोल शोधताय तुम्ही?"

त्यांनी बांधीतलं एक धसकट उपटलं. मग सांगितलं. त्यांचं गाव जंगलात होतं. जंगल वाघांसाठी राखलं गेलं आणि गाव उठलं, सडकेच्या काठी बसलं. अर्धे लोक इकडे, अर्धे तिकडे. गावाचा मोठा ढोल कोणाच्या बैलबंडीत गेला तेही कोणाला ठाऊक नाही.

"तसा आवाज मंग कुठीच आयकला नाई, बाई. ह्या मशीनमंधी हाये तो. मले वाटते, उलसा अजून वाढवला का येईल."

"तुम्ही वाजवायचे तो ढोल?"

"नाई ना. मी लहान होतो. आमची झोपडी नाल्याच्या ह्या बाजूनं, ढोल त्या बाजूनं. माय जाऊ नाई देये. वाकळीत पडून आयकाचो. वाजवाच्या वयाचा झालो, त गावच उठलं."

"म्हणजे तुम्ही तो जवळून कधी ऐकलाच नाही?"

"नाई."

मी मिक्सरकडे गेले. इथे मात्र पुस्तक कमी पडलं असतं. भाऊ दुरून ऐकलेला ढोल बॉक्सला पाठ लावून शोधत होते! दुरून येताना आवाजातला कडकपणा झाडीत गळून जातो. उरतो फक्त मऊ ठोका, थोडा उशिरा, टेकडीवरून परतलेल्या सावलीसकट. तो मोठा कधीच नसतो. कितीही वाढवला तरी तो येणार नव्हता. वाढवल्याने तर तो लांब जात होता.

"सूर थोडा वर घ्या. की दाबून ठेवू नका, ठोका मारा आणि सोडा. फिल्टर बंद." फिल्टर म्हणजे सिंथवरचा नॉब, तो बंद करत नेला की आवाजातली धार निघून जाते. मी थोडा एको दिला. बॉक्स स्टेजजवळून काढून मंडपाच्या मागे नेला, तोंड रानाकडे. त्यांनी वाजवलेले ठोके सिंथमध्येच रेकॉर्ड करून ठेवले.

"आता तुम्ही त्या शेवटच्या धुऱ्यावर जा. कापूस काढून. मी लावते."

ते गेले. धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, पाठमोरे उभे राहिले. मी ठोके सोडले. भाऊंनी मागे न वळता हात उचलला, तळवा खाली करून. कमी करा.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत कोणत्याही वादकाने मला कमी करा म्हटलेलं नव्हतं. मी कमी केलं. पुन्हा तळवा खाली. अजून कमी केलं. मग हात खाली आला, आणि ते तिथेच मटकन बसले.

दिनकरभाऊ माझ्या मागे येऊन उभे होते. "एवढाच? लोक म्हणतीन मशीन बिघडली."

"आज एक प्रयोग असाच होऊ द्या. नाही जमलं तर पेनड्राइव्ह लावा."

रात्री प्रयोगात तो प्रवेश आला. भाऊ बॉक्सपासून दूर, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. मुलगा वेशीवर थांबला. ठोके सुरू झाले. पुढच्या ओळीतल्या एका म्हातारीने मान वळवून मागे अंधाराकडे पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "कोन्या गावात वाजून राह्यलं व ते?"

दिनकरभाऊंनी ते ऐकलं. पेनड्राइव्हचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या सीझनमध्ये तिसरा कोनही फाटला नाही.

चंद्रपूरला मी भाऊंना कानाच्या तपासणीला नेलं. बारीक, उंच आवाज बरेच गेलेत, ते परत येणार नाहीत. खालचे शाबूत आहेत. डॉक्टरांनी वादकांसाठीचे इअरप्लग लिहून दिले. ते सगळा आवाज सारखाच उतरवतात, कापसासारखा बदलत नाहीत. भाऊ आता ते घालतात, कुरकुरत. कानातले किडे गेले नाहीत.

होळीनंतर जंगलात खरे किडे सुरू झाले. गाडीतून सामान उतरवताना भाऊ थांबले. "बाई, हे खरे हायेत का माहे?"

"दोन्ही आहेत, भाऊ."

"बरं झालं. संगत झाली त्यायले."

नव्या ऑपरेटरना मी एवढंच सांगते. वादक आवाज वाढवायला सांगतो तेव्हा नॉबला हात लावू नका. आधी त्याचं स्टूल कुठे आहे ते पाहा. मग विचारा, त्याने तो आवाज कुठून ऐकला होता. स्पेअर कोन गाडीत असतो.